फाटकाचे पैसे आणि पाळण्याचे पैसे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे ते सहलीच्या विषयावर. मी काही वक्ती नव्हे. सातवी झाले आणि घरात अडकले ते आजतागायत. तेव्हा मुद्दा सोडून कुठे भरकटले तर खुशाल हाक मारा.

मागच्या सभेत वर्धापनदिनाच्या सहलीसाठी दोन ठिकाणे सुचवली गेली. एक, मुंबईच्या बाजूचे मोठे कंपनीचे करमणूक-उद्यान. दुसरे, पाचगणीच्या वाटेवर एका घरची माणसे चालवतात ते लहानसे उद्यान. हात वर करायला सांगितले तेव्हा मोठ्या उद्यानाला तेवीस हात वर झाले आणि लहानाला सहा. पण आपण एकेचाळीसजणी होतो. उरलेल्या बाराजणींनी कुठेच हात वर केला नाही. त्यांतल्या एकीला मी नंतर विचारले, तर म्हणाल्या, "आम्हाला काय करायचे आहेत पाळणे? तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच बऱ्या." मला आज बोलायचे आहे ते या बाराजणींविषयी.

करमणूक-उद्यान हा शब्द आपल्याकडे तसा नवाच. गोराईला 1989 साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा होडीत बसून तिकडे जाऊन आलेला माणूस गावात आठ दिवस तेच सांगत असे. पुढे 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. त्यापूर्वी आपल्या वाटणीला काय होते? जत्रा. आपल्यातल्या बहुतेकजणी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गेलेल्या आहेत. रथ झाला, बैलबाजार पाहून झाला की पोरे ओढत नेतात ती पाळण्यांकडे. तिथे फाटक नाही, कुंपण नाही. जत्रेत वाटेल तितका वेळ हिंडा, कोणी एक पैसा मागत नाही. ज्याला बसायचे असेल त्याने त्या पाळण्याचे पैसे द्यावेत आणि बसावे. बाकीच्यांनी खाली उभे राहून हात हलवावेत.

ही पाळणेवाली माणसे म्हणजे बहुधा एकच कुटुंब असते. नवरा इंजिनापाशी, थोरला मुलगा पाळणे भरायला, बायको तिकिटाच्या टेबलाशी, आणि टेबलामागे तिचा स्वयंपाक. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका बाईला विचारले, "काय हो, हे सगळे नटबोल्ट कोण बघते?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मालक रोज सकाळी चढून बघत्यात. आमची पोरंबी त्यातच बसत्यात की, ताई." तिचे उत्तर मला आवडले. तेवढ्यावर मात्र माझा जीव थाऱ्यावर आला नाही, हेही सांगते. पोरे बसतात म्हणून बोल्ट घट्ट होत नाही. दरसाल कुठल्या ना कुठल्या जत्रेत पाळणा निखळल्याचे आपण वाचतो. तपासणीचा दाखला असलाच पाहिजे, आणि तो विचारायला आपण लाजता कामा नये. लहान ते सगळे चांगले, असे सांगायला मी उभी नाही.

आता थोडे परदेशातले सांगते. 2019 साली मी माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. (माझ्या पासपोर्टच्या सह्यांसाठी निम्मे मंडळ धावले होते!) ती पेन्सिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्ग या गावी राहते. गाव सस्क्वेहाना नदीच्या काठी आहे. पात्र भले रुंद, पण उन्हाळ्यात मधले खडक उघडे पडतात, अगदी आपल्या कृष्णेसारखे. घरात बहीण, तिचे यजमान, सहा वर्षांची मुलगी आणि बहिणीच्या सासूबाई. सासूबाई आपल्याच वाईकडच्या. वय तेव्हा अडुसष्ट. मी त्यांना काकू म्हणते.

जून महिन्यात मेहुण्यांनी एका मोठ्या उद्यानाला जायचे ठरवले. त्याचे नाव सांगत नाही, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. तिकडचे मोठे उद्यान कसे असते ते सांगते. भोवती कुंपण, एकच फाटक, आणि फाटकावर माणशी एक रक्कम. ती भरली की आतला प्रत्येक पाळणा, प्रत्येक गाडी दिवसभर फुकट. ऐकायला किती छान! रक्कम आपल्या पैशात माणशी चार हजारांच्या वर होती. मेहुणे संगणकावर तिकिटे काढायला बसले तेव्हा काकूंनी ती रक्कम ऐकली आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझे काढू नका रे. मी कुठे बसणार आहे त्या यंत्रात? मी घरी राहते, संध्याकाळच्या पोळ्या करून ठेवते." मेहुणे दोनदा "चल ग आई" म्हणाले. तिसऱ्यांदा कोणी म्हटले नाही. म्हणणार तरी कसे? चार हजार रुपये देऊन बाकावर बसवायचे, हे कोणत्या तोंडाने म्हणावे?

बाकावर बसायला एक होतीच. माझी बहीण! तिला सातवा महिना होता. तिने पूर्ण पैसे भरले आणि दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली. मी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्या फाटकावरच्या तपासणीत गाडीत परत ठेवायला लावल्या. आत बटाट्याच्या काचऱ्या घेतल्या, त्यांची किंमत सांगितली तर तुम्ही उठून जाल. आणि एकदा पैसे भरले म्हटल्यावर ते वसूल व्हायला नकोत का? म्हणून या पाळण्यावरून त्या पाळण्याकडे धावत सुटायचे, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास रांग. त्यातही जादा पैसे भरणाऱ्यांना पुढे काढणारी वेगळी रांग आहेच, देवळात असते तशी. दुपारी चार वाजता आमची चिमुरडी उन्हात बसकण मारून रडत होती आणि तिचे वडील तिला म्हणत होते, "अग, अजून अर्धेसुद्धा झाले नाही!" मला हसू आले आणि वाईटही वाटले. करमणुकीला आलो होतो की हजेरी भरायला?

मोठ्या उद्यानांची रीत पहिल्यापासून अशी होती असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले. जगातल्या अशा उद्यानांत त्याचे नाव मोठे. तिथेसुद्धा पुष्कळ वर्षे फाटकाचे थोडे पैसे आणि आतल्या खेळांसाठी तिकिटांची चोपडी, अशीच रीत होती. चोपडीत साध्या खेळाचे तिकीट वेगळे, मोठ्या खेळाचे वेगळे. ही चोपडी 1982 साली बंद झाली आणि सगळे पैसे फाटकावर गेले. टेक्सासमधले सिक्स फ्लॅग्ज हे उद्यान 1961 साली निघाले, तिथे ही एकरकमी पद्धत आधीच रुजली होती. कंपनीच्या दृष्टीने ती सोयीची आहे. दर पाळण्यापाशी तिकिटे फाडायला माणूस नको. शिवाय एवढे पैसे भरलेला माणूस दिवसभर बाहेर पडत नाही, म्हणजे जेवणखाणही आतच घेतो. हिशेब त्यांचा चोख आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण त्या हिशेबात काकू बसत नाहीत.

जुलैत मेहुण्यांनी म्हटले, आता एका जुन्या ठिकाणी नेतो. त्याचे नाव क्नोबेल्स. इंग्रजीत असे शब्द आले की 'क' गिळायचा असतो म्हणे, पण या नावात तो स्पष्ट म्हणतात. आपल्याला बरे, आपण गिळतच नाही. हॅरिसबर्गहून गाडीने दीड तासाच्या आतबाहेर, एलिसबर्ग गावाजवळ, झाडीने भरलेल्या दरीत हे उद्यान आहे. मधून ओढे वाहतात. ते चढले की उद्यानात पाणी शिरते. 1972 साली अ‍ॅग्नेस नावाच्या वादळात मोठाच पूर आला होता. दर वेळी धुऊन पुसून पुन्हा उभे करतात.

क्नोबेल हे त्या घराण्याचे आडनाव. मूळ धंदा लाकडाच्या वखारीचा. दरीतल्या ओढ्यावर लोक उन्हाळ्यात पोहायला येऊ लागले. 4 जुलै 1926 रोजी त्यांनी पोहण्याचा तलाव बांधून खुला केला, जोडीला खाणावळ आणि घोड्यांचा फिरता पाळणा. तिथून हे वाढत गेले. आज त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या ते चालवतात. आणि फाटक? फाटकच नाही! गाडी उभी करायला पैसे नाहीत, आत जायला पैसे नाहीत. आम्ही गेलो तेव्हा कागदी तिकिटांची चोपडी मिळत होती. एकेका पाळण्याला एकापासून तीनएक डॉलरपर्यंत पडत. काही दिवशी दिवसभराचा पट्टाही मिळतो, पण तो घेतलाच पाहिजे असे नाही. घरचा डबा नेता येतो. झाडांखाली छपरे घालून मोठमोठी टेबले मांडलेली आहेत, तिथे कुटुंबेच्या कुटुंबे सकाळपासून पथारी टाकून बसलेली. आजीआजोबा, तान्ही मुले, दोरी बांधलेली कुत्रीसुद्धा. आम्ही गेलो तेव्हा उद्यानात दारूला बंदी होती. आपल्या जत्रेतल्या देवाच्या वडाखाली जसे बिऱ्हाड पडते, हुबेहूब तसेच.

वखारवाल्यांचे घराणे म्हणून लाकडाची त्यांना फार माया. तिथे फीनिक्स नावाची एक लाकडी गाडी आहे, डोंगरासारखी चढते आणि कोसळते. ती मूळची टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो गावची, 1947 साली बांधलेली. तिथले उद्यान बंद पडले आणि गाडी तशीच कुजत उभी होती. या लोकांनी ती विकत घेतली, एकेका लाकडाला क्रमांक घातला, सगळे उतरवून इतक्या लांब आणले आणि 1985 साली पुन्हा उभे केले. जुना वाडा उतरवून त्याचे खांब-तुळया दुसरीकडे उभ्या करतात ना, तसे. मी त्या गाडीत बसले. दोनदा. अधिक काही सांगत नाही.

आणखी एक लाकडी घसरगाडी त्यांनी 2006 साली बांधायला घेतली, ती 2013 साली सुरू झाली. सात वर्षे! जुन्या पद्धतीची गाडी, पुन्हा बांधणारा कोणी उरला नव्हता. चुकत, सुधारत, पुन्हा बांधत त्यांनी ती पुरी केली. भागधारकांना दरसाल उत्तर देणाऱ्या कंपनीने सात वर्षे कळ काढली असती का, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

आणि घोड्यांचा मोठा पाळणा. तो 1913 सालचा, कोरीव लाकडी घोड्यांचा. तो फिरत असताना बाजूच्या दांडीतून एकेक कडी बाहेर येते. कडेच्या घोड्यावर बसणाऱ्याने हात लांबवून ती ओढून घ्यायची. सगळ्या कड्या लोखंडी, त्यांत एखादी पितळी. पितळी ज्याच्या हाती येईल त्याला पुढची फेरी फुकट. आमच्या चिमुरडीला एकही मिळाली नाही, हातच पुरेना, पण ती त्या पाळण्यावरून उतरायला तयार नव्हती.

आता काकूंचे. या वेळी कोणी "येता का" असे विचारलेच नाही. विचारण्याचा प्रश्नच नव्हता, आत जायला पैसे पडत नव्हते. गाडीत बसल्या आणि आल्या. सकाळी टेबलापाशी बसून सगळ्यांना पुऱ्या वाढल्या. दुपारी बहिणीबरोबर ओढ्याकाठी चक्कर मारली. मग त्या मोठ्या आकाशपाळण्यासमोर एका बाकावर बसल्या त्या तासभर हलल्या नाहीत. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी यात्रेत चार पेट्यांचा लाकडी पाळणा असायचा. दोन माणसे हाताने ओढायची. लग्नाच्या आधी बसले होते त्यात, त्यानंतर नाही." मी म्हटले, "काकू, बसायचे का?" तर, "छे ग बाई, हे वय आहे का?" मी गप्प बसले. पाळणा आणखी दहाबारा फेऱ्या फिरला. ऊन उतरले होते, पाच वाजले असावेत. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "कितीला असतो तो?"

मी सांगितले, दीडदोन डॉलर. त्या उठल्या.

भगिनींनो, माझा सगळा मुद्दा त्या एका प्रश्नात आहे. फाटकावर एकरकमी पैसे घेतात तिथे बसायचे की नाही हे सकाळी नऊ वाजता, घरातल्या संगणकापुढे ठरते. आणि सकाळी नऊ वाजता आपल्यातली कुठली बाई म्हणते हो, "माझे काढा"? आपल्या तोंडी पहिला शब्द "मला नको" हाच असतो. नवी साडी असो, दुसरी पोळी असो, की पाळणा असो. आपले मन होय म्हणते ते उशिरा, बघून बघून, कोणी आग्रह सोडून दिल्यावर. जिथे पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी घेतात, तिथे मन बदलायला संध्याकाळपर्यंत सवड असते.

काकू माझ्याबरोबर त्या पाळण्यात बसल्या. वर गेल्यावर पाळणा क्षणभर थांबतो तेव्हा सगळी दरी दिसते, झाडांचे शेंडे पायाखाली. मला वाटले घाबरतील. त्यांनी दांडा सोडून पदरासारखी ओढणी सारखी केली आणि खाली बसलेल्या सुनेला हाक मारली. अशी मोठ्याने, की पुढच्या पाळण्यातली माणसे वळून बघू लागली. घरात त्यांचा आवाज कधी चढल्याचे मी चार महिन्यांत ऐकले नव्हते.

मोठ्या उद्यानाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर तेवीसजणी मला घरी जाऊ देणार नाहीत. तिथली स्वच्छता पाहण्यासारखी असते. स्वच्छतागृहे भरपूर, पाणी पिण्याची सोय, मूल हरवले तर त्याला शोधून आणून देणारी माणसे. मुलांची उंची मोजायला दारात पट्टी असते, तिच्याहून मूल बोटभर कमी भरले तरी आत सोडत नाहीत, तुम्ही कोण का असेना. आणि ज्यांची मुले तेराचौदा वर्षांची आहेत, ज्यांना दिवसभरात वीस वेळा बसायचे आहे, त्यांना एकरकमी तिकीटच स्वस्त पडते. सुट्या तिकिटांनी त्यांचा खिसा रिकामा होईल. तेव्हा मुलांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कोणी मोठ्या उद्यानात जरूर जावे. पण वर्धापनदिनाची सहल मंडळाची आहे, आणि मंडळात सासू आहे, गरोदर सून आहे, गुडघे धरलेली आहे, आणि जिला घरून दोनशेच रुपये मिळतात तीही आहे.

पाचगणीच्या वाटेवरचे ते लहान उद्यान मी गेल्या मंगळवारी यजमानांबरोबर जाऊन पाहून आले. नवरा-बायको, त्यांचे दोन मुलगे आणि एक सून, असे घर ते चालवते. एक आकाशपाळणा, एक घोड्यांचा, एक होडीचा झोका, मुलांची आगगाडी. आत जायला पैसे नाहीत, पाळण्याला माणशी तीस रुपये. डबा नेला तर चालतो, आंब्याखाली सतरंज्या घालून देतात. तपासणीचा दाखला मागितला, तर बाईंनी देवघरातून काढून आणून दाखवला. त्यावरची तारीख चालू वर्षाची आहे. होडीच्या झोक्याची एक साखळी मला बारीक वाटली, तसे मी बोलले. थोरला मुलगा म्हणाला, मागवली आहे. तोवर झोका बंदच ठेवला आहे, आणि खरोखरच त्याला दोरी बांधलेली होती. स्वच्छतागृहे दोनच आहेत, आणि त्यांतल्या एकाला आतून कडी नव्हती. एकेचाळीस बायकांना दोन म्हणजे रांग लागणार, हे आताच मनाशी धरून चला. कडीचे मी बाईंना स्पष्ट सांगितले. काल त्यांचा फोन आला, कडी बसवली.

एसटीने जाण्यायेण्याचा खर्च धरून माणशी किती पडतील त्याचा कागद मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. नावे लिहायची वही दाराशी ठेवली आहे. वहीत फक्त येणार की नाही एवढेच लिहायचे आहे. पाळण्यात बसणार की नाही, हा रकाना मी मुद्दामच आखलेला नाही.